काकूंची लाखोली आणि माझा फ्लॉक्स

फ्लॉक्स हे विलायती फुलझाड काशीत उन्हाळा काढत नाही, असं ज्यांनी ज्यांनी मला सांगितलं, त्यांच्यापैकी एकानंही तो लावून पाहिला नव्हता. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते शांतपणे लिहिता येईल असं मला वाटत नाही. इंग्रजांचा अंमल जाऊन बरीच वर्षं झाली, सरकारी बागेतला तो साहेबही कुठे असेल ते देव जाणे, पण त्या दिवसांची आठवण आली की अजून माझे कान तापतात.

हिवाळी फ्लॉक्स काशीत सगळ्यांच्या ओळखीचा. बंगल्यांच्या वाफ्यांत बी टाकायचं, माघ-फाल्गुनात रंगीबेरंगी फुलं पाहायची आणि चैत्रात रोपं उपटून फेकून द्यायची. माझा फ्लॉक्स तो नव्हे. हा थंड मुलखातला, कमरेएवढा वाढणारा. वरचं झाड वाळलं तरी याची मुळं जमिनीत जिवंत राहतात आणि दरवर्षी नवे कोंब वर येतात. दांड्याच्या टोकाला छोट्या छोट्या फुलांचा असा भरगच्च झुबका येतो की एका झुबक्यात ओंजळ भरावी. माझा पांढरा होता, प्रत्येक फुलाच्या मध्ये गुलाबी ठिपका.

मुळं मला आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी दिली. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो तर हा लेख बाजूला राहील. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावातून मी काशीला शिकायला आलो. वडील आचारी होते, लग्नामुंजींच्या पंगतींचा स्वयंपाक करायचे. आमच्या घराण्यात इंग्रजी वाचणारा मी पहिला. दोन्ही वेळचं जेवण अन्नछत्रात आणि अभ्यासाची पुस्तकं या प्राध्यापकांच्या कपाटातली, अशी मी पदवी घेतली. त्यांनी एकदाही मला उपकार केल्यासारखं वागवलं नाही. दर उन्हाळ्यात ते हिमालयातल्या अल्मोड्याला जायचे. एका मार्गशीर्षात तिथून कोणीतरी पाठवलेला, ओल्या शेवाळात गुंडाळलेला मुळांचा गड्डा त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "सगळे म्हणतात इथे जगत नाही. तू बघ बरं."

माझ्यासाठी एवढं बोलणं पुष्कळ होतं.

मी तेव्हा रामघाटाजवळ एका वेदमूर्तींच्या घरात खोली घेऊन राहत होतो आणि एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. वेदमूर्ती सकाळ-संध्याकाळ बाहेरच्या ओसरीवर विद्यार्थ्यांना संथा द्यायचे. घर चालवायच्या त्यांच्या पत्नी. त्यांना सगळी गल्ली काकू म्हणायची, मीही. काकूंचा जन्म काशीतला, त्यांच्या आईचाही. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी होती. मला त्या मास्तर म्हणायच्या, पण अरे-तुरे करून.

"मास्तर, ह्या गमल्यात तू नुसती माती ठेवली आहेस की काही लावलं पण आहेस?" पहिल्या हिवाळ्यात त्या रोज विचारायच्या.

"मुळं आहेत, काकू. वर यायला वेळ लागेल."

"माझ्या सासूबाईपण असंच म्हणायच्या, आमच्या ह्यांच्या अकलेबद्दल."

ते मूळ जगवायला मी काय काय केलं ते सांगतो, कारण ते कोणी विचारलंच नाही. रुंद तोंडाची कुंडी घेतली. पानांचं कुजलेलं खत, जुनं शेण आणि गंगेची रेती कालवून माती केली. मुळाचा माथा मातीच्या बरोबरीला ठेवला, खाली गाडला नाही. थंडीचे दोन महिने कुंडी उघड्या गच्चीवर, दव आणि गारठा खात. या झाडाला थंडी लागते, ती मिळाली नाही तर ते फुलायचं नाव घेत नाही. फाल्गुन लागला की कुंडी खाली आंगणात, विहिरीच्या कडेला. काशीतल्या जुन्या घरांची आंगणं म्हणजे जवळजवळ विहिरीच. चार बाजूंनी उंच भिंती, ऊन दिवसातून घटकाभर डोकावणार. मी कुंडी एका मोठ्या नांदेत ठेवली, मधल्या जागेत रेती भरली आणि ती रेती वैशाखात दिवसभर ओली ठेवली. लू, म्हणजे तिकडचा उन्हाळी झळांचा वारा, सुटली की भिजवलेलं गोणपाट आडवं बांधायचं. पहिल्या उन्हाळ्यात झाड जमिनीपर्यंत वाळलं, पण मूळ जगलं. दुसऱ्या वर्षी भरपूर कोंब आले. त्यातले बारके खुडून मी चारच ठेवले, म्हणजे वारा खेळतो आणि पानांवर भुरी धरत नाही.

पण भुरी धरली, कारण काकू.

काकू तुळशीला पाणी घालून उरलेला तांब्या वरून माझ्या झाडावर ओतायच्या. पानं ओली राहिली की पावसाळ्यात त्यावर पांढरी पिठी चढते. मी गंधकाची पूड फुंकली, वाईट पानं काढली आणि काकूंना हात जोडून सांगितलं की याला पाणी फक्त बुडाशी.

"डोक्यावरून आंघोळ नको? कसलं रे हे तुझं विलायती सोवळं?"

पण त्यांनी ऐकलं. काकू ऐकायच्या, हे मला मान्य केलंच पाहिजे.

त्या आषाढात प्राध्यापक निवृत्त होऊन खोकल्यामुळे अल्मोड्याला कायमचे राहायला निघाले. जाण्यापूर्वी त्यांनी माझ्यासाठी एक काम केलं. कॅन्टोनमेंटच्या बाजूला एक सरकारी बाग होती. तिथल्या साहेबाला डोंगरी झाडांवर देखरेख करायला एक पदवीधर मदतनीस हवा होता. माझी शाळेतली जागा रजेवर गेलेल्या शिक्षकाची. दिवाळीनंतर तो परत येणार आणि मी गावी जाऊन वडिलांच्या पंगतीत पुन्हा वाढप करणार, पदवीसकट. वडिलांनी मला शिकवलं ते यासाठी नव्हे. प्राध्यापक मला घेऊन साहेबाकडे गेले आणि म्हणाले, "ह्या मुलानं बहुवर्षायू फ्लॉक्स काशीचे दोन उन्हाळे जगवला आहे."

साहेब हसला. "प्रोफेसर, तुमच्या मुलानं हिवाळी फ्लॉक्स पाहिला असेल."

"आषाढात?" प्राध्यापकांनी विचारलं.

"मग दुसरंच काही असेल. फुललेला दाखवा, जागा तुमच्या मुलाची."

बागेचा प्रमुख आहे, पानावरून आणि दांड्यावरून झाड ओळखू शकत नाही, आणि ते सांगायला लाजतही नाही. मी गप्प बसलो. गप्प बसणं मला फार चांगलं शिकवलेलं होतं.

श्रावणात कळ्या धरल्या. मी साहेबाकडे निरोप पाठवला. त्याचा उलट निरोप आला की अमुक सोमवारी सकाळी तो नावेनं रामघाटावर येईल, मी घाटावर थांबावं. घोडागाडी आमच्या गल्लीत शिरत नाही, त्यामुळे नाव ठीकच होती. मी हे सगळं वेदमूर्तींना सांगितलं, नोकरीसुद्धा. त्यांनी "वा वा, शुभं भवतु" म्हटलं आणि संथा पुढे चालू केली. काकूंना मी एवढंच म्हणालो की साहेब फूल बघायला येणार आहे.

आता काकूंच्या लाखोलीबद्दल सांगायला हवं. चातुर्मासात महादेवाला एक लक्ष पांढरी फुलं वाहण्याचा त्यांचा संकल्प होता. रोजची फुलं रोज मोजून वाहायची, कार्तिकीपर्यंत पुरी करायची, मध्ये एक दिवस खंड पडू द्यायचा नाही. माळीण पहाटे टोपली आणून द्यायची. पण काशीत आमची एक अडचण आहे. इथल्या लोकांचा सावन राखीला संपतो आणि आम्हा मराठी घरांचा श्रावण त्यानंतर पंधरा दिवस चालतो. राखी झाली की माळणींच्या दृष्टीनं महादेवाचे दिवस संपले. टोपल्या लहान होतात, कधी येतच नाहीत, आणि आमच्या घरांत अजून सोमवार उरलेले असतात. माझा सोमवार त्यातला शेवटचा.

चारही झुबके पूर्ण उमलले होते. दोन दिवस आधी काकूंनी ते पाहून विचारलं होतं, "ह्याला वास आहे का रे? बिनवासाचं विलायती फूल देवाला चालायचं नाही. मी हुंगलं तर तेच फूल बाद होईल, तू बघ."

मी एक फूल तोडून हुंगलं आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं, "आहे, काकू. छान गोड वास आहे. थोडा लवंगेसारखा."

"बरं," काकू म्हणाल्या.

सोमवारी मी धुतलेलं धोतर आणि पदवीच्या वेळचा कोट घालून पहाटेच घाटावर जाऊन बसलो. साहेब येईपर्यंत ऊन चांगलंच चढलं. बरोबर एक चपराशी आणि फराळाची टोपली होती. मी नमस्कार केला. चपराशी माझ्या कानाशी म्हणाला, "साहब घाट देखने निकले हैं. आपका फूल भी देख लेंगे." मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

आंगणात शिरलो आणि मला चार हिरवे दांडे दिसले. टोकाला नुसते देठ. फुलं एकही नाही. खाली मातीवर एक पाकळीसुद्धा पडलेली नव्हती, इतक्या निगुतीनं खुडलेली.

"फूल किधर है?" साहेबानं विचारलं.

देवघराचं दार आंगणातच उघडत होतं. आत अंधार, एक समई, आणि सोवळ्यात बसलेल्या काकू. पुढे पिंडीवर पांढऱ्या फुलांची रास. माझ्या फुलांची.

"काकू," मी दारापाशी जाऊन म्हणालो, "ही फुलं तुम्ही तोडलीत?"

त्यांनी ओठ हलवत मोजणी चालू ठेवली, हातातलं फूल वाहिलं आणि मग बोलल्या. "मालीण आलीच नाही. खंड पडला असता. आणि तूच म्हणालास ना, वास आहे म्हणून?"

"साहेब बघायला आले आहेत."

"मग बघू दे की. कोणी अडवलं? पण तिथूनच हं. बूट आहेत त्याच्या पायात."

मी साहेबाला म्हणालो की फुलं पूजेत गेली, ती पाहा आत आहेत. साहेब दाराच्या दिशेनं चार पावलं आला. काकूंनी घाईघाईनं समई उचलून पिंडीवर धरली, त्याला दिसावं म्हणून. तो डोळे बारीक करून पाहत राहिला.

"चमेली," तो म्हणाला.

"नाही, सर. फ्लॉक्स आहे."

"काय म्हणतो?" आतून काकू.

"चमेली म्हणतो."

"चमेली? मला चमेली ओळखू येत नाही?"

"काकू, एक फूल द्या बाहेर. एकच."

"वाहिलेलं फूल पिंडीवरून उचलू? उद्या सकाळी निर्माल्य निघालं की दहा घेऊन जा."

"उद्या साहेब येणार नाही."

"तर परवा बोलाव. त्याला काय दुसरं काम आहे, घाटावर फिरणारा माणूस."

मी आत जाऊन स्वतः फूल उचलू शकलो नाही का, असं नंतर मला पुष्कळांनी विचारलं. ज्यांनी विचारलं ते आमच्यासारख्या घरात वाढलेले नव्हते. अंगात कोट, पायांनी घाटावरून आलेलो, आणि काकूंचं व्रत अर्ध्यावर. माझे हात उचललेच गेले नाहीत. साहेब आणि ते फूल यांच्यात दोन हातांचं अंतर होतं आणि ते ओलांडणारं त्या घरात कोणी नव्हतं.

साहेबानं दांड्यांकडे पाहिलंही नाही. देठांवर फुलांचे हिरवे पेले तसेच होते, समोरासमोर जोडीनं आलेली पानं होती. जाणत्या माणसाला एवढं पुरेसं होतं. तो चपराशाकडे वळून हिंदुस्थानीत म्हणाला, "ह्या शहरात जे दिसत नाही ते सगळं पूजेत गेलेलं असतं." चपराशी हसला. त्याला हसणं भागच होतं. मग माझ्याकडे वळून, "बाईंना सांग, जागेसाठी त्यांनी अर्ज करावा. फुलांचा उपयोग त्यांना जास्त कळतो."

आणि तो मणिकर्णिकेच्या बाजूला नाव वळवून निघून गेला.

त्याला घाटावर सोडून मी परत आलो तेव्हा काकूंची पूजा आटोपली होती. त्या आंगण धूत होत्या, बूट फिरले होते म्हणून. मी त्यांना जे बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. एवढंच की तुमच्या महादेवाला लाखातली पन्नास फुलं कमी पडली असती तर त्यानं काशी सोडली नसती, आणि माझी मात्र नोकरी गेली, असं मी म्हणालो.

काकूंच्या हातातला खराटा थांबला. "कसली नोकरी?"

"त्या साहेबाच्या बागेतली. वेदमूर्तींना सगळं माहीत आहे."

"ह्यांना माहीत आहे," काकू ओसरीकडे पाहत म्हणाल्या. तिकडे संथा चालू होती. "मला म्हणालास, साहेब फूल बघायला येणार. बघायला येणाऱ्यासाठी मी देवाला उपाशी ठेवू? नोकरी आहे हे कोणी सांगायचं? भांडी सांगणार मला?"

त्या दिवसापासून मी काकूंशी कामापुरतंच बोललो. जेवायला खाली बसलो की पानाकडे पाहत जेवायचो. दुसऱ्या सकाळी निर्माल्यातून निवडून त्यांनी माझ्या दाराशी केळीच्या पानावर ती फुलं ठेवली होती. सुकून ती कागदासारखी झाली होती. मी पान तसंच उचलून गंगेत सोडून आलो.

झाडावर मात्र राग काढला नाही. रिकामे दांडे पानांच्या जोडीपर्यंत छाटले आणि मोहरीच्या पेंडीचं पाणी बुडाशी घातलं. फ्लॉक्सचा पहिला बहर काढून टाकला की खालच्या पानांच्या बगलेतून नवे फुटवे येतात आणि त्यांना लहान का होईना, पुन्हा फुलं येतात. आली. नवरात्र बसलं त्या आठवड्यात दोन झुबके उमलले.

काकू तेव्हा काय करत होत्या ते मी पाहत होतो, बोलत नसलो तरी. सकाळची कामं होईपर्यंत त्या कुंडीजवळ पाट टाकून बसायच्या. गल्लीतल्या बायका विहिरीवर येता-जाता झाडाकडे पाहायच्या.

"ते विलायती फूल एक देता का, देवीला?" एकीनं विचारलं.

"मास्तरचं आहे ते. त्याला विचार."

"तुम्ही तर तोडली होती म्हणे सगळी."

"तोडली होती. म्हणून तर बसले आहे इथं."

लाखोलीची फुलं कमी पडली की त्या आता न तुटलेले तांदूळ मोजून वाहायच्या. संध्याकाळी डोळे चोळत बसलेल्या दिसायच्या.

एका सकाळी त्या माझ्या खोलीच्या दारात आल्या. "मास्तर, गमला उचल आणि घेऊन जा त्याच्याकडे. त्याला लांबून ओळखू आलं नाही ना, तर कुंडीसकट दाखव. चमेली म्हणाला."

मी कुंडी डोक्यावर घेऊन गल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो आणि तिथून मांडीवर धरून इक्का नावाच्या घोडागाडीतून. रस्ताभर हादरे बसू नयेत म्हणून दांडे एका हातानं सावरले होते. बागेच्या कचेरीत एक तरुण गृहस्थ टेबलाशी बसला होता. चांगले कपडे, बोलणं मृदू. त्यानं खुर्ची दिली.

"सुंदर आहे. काय झाड आहे हे?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. त्यानं नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"आपण इथे?" मी विचारलं.

"डोंगरी झाडांचा मदतनीस. आषाढाअखेरीस रुजू झालो. साहेबांचे आणि माझ्या मामांचे जुने संबंध आहेत."

त्याच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं, त्याला माझ्याबद्दल काही माहीतच नव्हतं. आषाढाअखेरीस. म्हणजे मी निरोप पाठवला, साहेबानं सोमवार ठरवला, मी कोट घालून घाटावर ताटकळलो, तेव्हा जागा भरून कितीतरी दिवस झाले होते. आमच्या आंगणात तो मला तपासायला आलाच नव्हता. घाटांची सहल करायला निघाला होता आणि वाटेत एक गंमत म्हणून आत डोकावला होता. पिंडीवरची फुलं काकूंनी उचलून त्याच्या हातात दिली असती, तरीही काही फरक पडला नसता.

साहेब बाहेर आला. त्यानं कुंडीकडे पाहिलं, वाकून एक फूल निरखलं.

"हं. फ्लॉक्सच आहे. खरंच बहुवर्षायू. रंग चांगला आहे." मग मागे वळून त्या तरुणाला, "हे व्हरांड्यात उत्तरेच्या बाजूला ठेवून घ्या. मेमसाहेबांना आवडेल." आणि मला, "थँक यू."

थँक यू. मी झाड भेट म्हणून आणलं आहे, असं त्याला वाटलं नव्हतं. आणलं आहे म्हणजे आता त्याचं आहे, एवढंच त्याला वाटलं. मूळ कुठून आणलं, लू कशी चुकवली, भुरीवर काय केलं, यातलं एक अक्षर त्यानं विचारलं नाही. त्या तरुणानं चपराशाला हाक मारली. चपराशी तोच होता. त्यानं खाली वाकून कुंडीला हात घातला.

मी म्हणालो, "राहू द्या. ही परत जायची आहे."

साहेबाला प्रथम कळलंच नाही. मग भुवया वर गेल्या. मी कुंडी उचलली. इंग्रजीत दोन वाक्यं जुळवली होती, पण ती तोंडातून निघाली नाहीत. आजही मला त्यांतलं प्रत्येक अक्षर पाठ आहे.

घरी पोचलो तेव्हा काकू दारातच होत्या.

"पाहिलं त्यानं?"

"पाहिलं."

"मग परत का आणलंस?"

मी कुंडी विहिरीजवळ ठेवली आणि सांगितलं. जागा कधी भरली होती, कोणाच्या मामामुळे, व्हरांडा, मेमसाहेब, सगळं. काकू पाटावर बसून ऐकत होत्या.

"म्हणजे माझ्या लाखोलीनं नाही गेली तुझी नोकरी."

"नाही, काकू."

"आणि महिना झाला तू माझ्या घरात मुक्यासारखा जेवतो आहेस. मी रोज देवापुढे बसून तांदूळ मोजते आणि मोजणी चुकते, पुन्हा पहिल्यापासून मोजते." त्यांचा आवाज चढत गेला. ओसरीवरची संथा थांबली. "आणि तो मेला आषाढातच जागा देऊन बसला होता? आणि माझ्या आंगणात बूट घालून फिरला? चमेली म्हणाला?"

"हो."

"हात धू. वाढते. आणि आज बोल बाबा जेवताना."

मी बोललो. कढी गार होईपर्यंत बोललो, आणि सगळं त्या साहेबाबद्दलच बोललो. दिवाळीनंतर गावी जावं लागेल हे दोघांनाही ठाऊक होतं. काकू समोर बसून पंख्यानं माश्या वारत होत्या आणि मी श्वास घ्यायला थांबलो की म्हणत होत्या, "आणि? मग काय म्हणाला तो?"